चढावरची शिट्टी

मला ती ऐकूच आली नव्हती.
ऐकली शर्वाणीने, सिमरोल सोडून
भेरूघाटाचा पहिला चढ लागला तेव्हा.
मावशी, गाडी रडतेय.
मी म्हटलं, काच वर कर, वारा असेल.
काच वरच होती.

गाडी दोन हजार नऊची, डिझेल.
पहिला मालक उज्जैनचा कंत्राटदार, दुसरी मी.
एक लाख ऐंशी हजार किलोमीटर,
त्यातले शेवटचे सत्तर माझे,
महूच्या शाखेत रोज जाण्यायेण्याचे.
टर्बो म्हणजे काय, घेताना विचारलं नव्हतं.
मागच्या दारावर चंदेरी अक्षरांत लिहिलं होतं
आणि चांगलं दिसत होतं.

मग ती सगळ्यांनाच ऐकू यायला लागली.
रेशिमवाले काका म्हणाले, टर्बो गेला,
पंचेचाळीस हजार धरून चाला.
दिगंबरभावजी म्हणाले, विकून टाक,
गिऱ्हाईक आलं की तिसरा गियर टाकूच देऊ नकोस.
कुणी बेल्ट म्हणे, कुणी बेअरिंग.
मी एकटीच त्या शांत गाडीत
आरशात मागच्यांचे आक्रसलेले चेहरे बघत होते.

छावणीत, धान्यमंडीच्या मागे, इस्राईल उस्ताद.
बॉनेटला हात लावण्याआधी विचारलं,
ठंडी में बोलती हे के गरम में?
चढाव पे, के खड़ी-खड़ी भी?
पाँव उठाओ तो चुप होती हे?
मी अभ्यास न केलेल्या मुलीसारखी
शर्वाणीकडे बघत राहिले.

डिपस्टिक काढली, तेल बोटांत चोळलं, हुंगलं.
पाइप सोडवून, आत दोन बोटं घालून
टर्बोचा दांडा हलवला:
डावी-उजवीकडे किंचित, पुढे-मागे अजिबात नाही.
इत्ता तो चलता हे.
पाइप परत बसवला. मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक लोखंडावर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
रेस दे. और दे. बस, पकड़ के रख.

आप भी सुनो, म्हणाले.
मी म्हटलं, मला हल्ली बारीक आवाज
तितकेसे
आणि थांबले. हे वाक्य मी
आजवर कुणापुढेच सुरू केलं नव्हतं.
त्यांनी काहीच न बोलता
मूठ माझ्या कानामागे टेकवली.

आणि ती होती.
ताणलेल्या तारेसारखी, थेट दाढांपर्यंत.
हीच ना? मी ओरडलेच.
उस्ताद हसले. ना ना,
ये तो टरबो की अपनी आवाज हे, अच्छी वाली.
बिगड़ी हुई दूसरी हे.

दुसरी सापडली साबणाच्या पाण्यात.
पाइपच्या एका तोंडात बोळा, दुसऱ्यातून शेजारच्या
पंक्चरवाल्याची हवा, वर शॅम्पूची एक पुडी.
क्लँपखाली, नखाएवढ्या चिरेतून
फेस फुगत गेला, फुटला, परत फुगला.
एरवी मिटलेली; दाब आला की उघडायची.
सियागंजहून अकराशेचा पाइप येईपर्यंत
आमच्या दोन-दोन कचोऱ्या झाल्या.

त्याच संध्याकाळी पुन्हा भेरूघाट.
गेली? मी विचारलं.
गेली. तूच ऐक ना.
ऐकत होते. कालच्यासारखंच होतं सगळं.
फक्त गाडी जोरात ओढत होती,
ते तळपायाला कळलं.

जुना पाइप डिकीत आहे.
सिग्नलला थांबले की आठवतो, टाकवत नाही.
कानाच्या डॉक्टरकडे गुरुवारचा नंबर लागलाय.
ते विचारतील, म्हणून बिलाच्या मागे लिहून ठेवलंय:
फोनवर डावीकडून कमी.
मुलांचे आवाज, विशेषतः मागच्या सीटवरचे.
दारावरची बेल कधी येते, कधी नाही.
कुकरच्या शिट्ट्या: अंदाजाने.